उन्हाळ्यात डास येतात कुठून?

वैशाख महिना होता. रात्रीचे आठ वाजले होते. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर आमचा साक्षरतेचा वर्ग बसला होता. फळ्यावर मी ‘पाणी’ हा शब्द लिहून दिला होता. सगळे खाली माना घालून तो पाटीवर गिरवत होते. पण गिरवणं कमी आणि अंगावर चापट्या मारणं जास्त. कोणी पायावर मारी, कोणी मानेवर. शेवटी एका गड्याने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला,

“गुरुजी, एक विचारू का? पावसाळ्यात डास होतात ते समजतं. जिकडे तिकडे डबकी असतात. पण आता ओढा आटला. विहिरीचा तळ दिसतोय. रानात भेगा पडल्यात. मग हे डास येतात कुठून?”

प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण असा नेमका प्रश्न विचारणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

एकजण म्हणाला, “लांबून येत असतील. धरणाकडून.” दुसरा म्हणाला, “उकिरड्यातून येतात.” तिसरा म्हणाला, “झाडात असतात, अंधार पडला की उतरतात.”

मी म्हटलं, “उत्तर आज देत नाही. उद्या सकाळी सात वाजता सगळे जमा. आपण चार घरांच्या परसात जाऊ. उत्तर तिथंच आहे.”

सकाळी आम्ही दहा-बारा जण निघालो. पहिलं घर एका म्हाताऱ्या मावशींचं. मावशी आमच्या वर्गातल्याच. वय सत्तरीच्या पुढे, पण अक्षरं शिकायची हौस मोठी. परस झाडून लख्ख केलेलं. कुठे केर नाही, कुठे डबकं नाही. मावशी ठसक्यात म्हणाल्या, “बघा काय बघायचं ते. माझ्या परसात डास सापडला तर नाव बदलीन.”

परसात कडुनिंबाखाली एक मोठा रांजण होता. शेजारी निळं प्लास्टिकचं पिंप. आमच्याकडे उन्हाळ्यात आठ दिवसांनी टँकर येतो. त्या दिवशी जेवढं भरता येईल तेवढं पाणी भरून ठेवायचं, आणि पुढचे आठ दिवस पुरवायचं. म्हणून घरोघर रांजण, पिंपं, हौद, हंडे असे मांडून ठेवलेले.

मी रांजणावरची फळी बाजूला केली. आत उन्हाची तिरीप पडली. पाणी काचेसारखं स्वच्छ. आणि त्या स्वच्छ पाण्यात वरच्या बाजूला शेकडो बारीक किडे लोंबकळत होते. डोकं खाली, शेपूट वर. मी रांजणाला टिचकी मारली. सगळे एकदम वळवळत तळाला गेले. थोड्या वेळाने पुन्हा एकेक करून वर आले.

“हे होय?” मावशी म्हणाल्या. “हे पाण्यातले जीव. पाणी चांगलं असलं की होतात. आम्ही गाळून पितो.”

मी म्हटलं, “मावशी, हे पाण्यातले जीव नव्हेत. ही डासाची पोरं आहेत.”

मावशींचा विश्वास बसेना. बाकीच्यांचाही बसेना. डासाला पंख असतात, पाय असतात. या किड्याला त्यातलं काहीच नाही. मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्यांवर ठेवा.” मी लोणच्याची एक रिकामी काचेची बरणी मागितली. तांब्याभर पाणी त्या किड्यांसकट बरणीत घेतलं. तोंडावर पातळ फडकं घट्ट बांधलं. बरणी देवळाच्या ओट्यावर सावलीत ठेवली. वर्गातल्या प्रत्येकाने रोज बरणी बघायची आणि काय दिसलं ते पाटीवर लिहायचं, असं ठरलं.

तो सोमवार होता. सोमवारच्या पाटीवर लिहिलं गेलं: ‘किडे आहेत.’

मंगळवारी: ‘किडे मोठे झाले.’

बुधवारी एकाने लिहिलं: ‘किडा वाकडा झाला.’ लिहिताना त्याने ‘ड’ उलटा काढला होता, पण पाहिलं होतं ते अगदी बरोबर. काही किडे आखडून स्वल्पविरामासारखे झाले होते. डोकं जाड, शेपूट आत वळलेली.

शुक्रवारी सकाळी बरणीच्या फडक्याला आतून सात डास बसलेले होते. पाण्यावर रिकामी टरफलं तरंगत होती.

मावशी बरणीसमोर बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्सं मीच पाळत होते यांना.”

आता हे कसं होतं ते सांगतो.

डासाची मादी पाण्यात किंवा पाण्याच्या काठाला अंडी घालते. एका वेळी शंभर-दीडशे. दोन-तीन दिवसांत अंड्यातून अळी निघते. वळवळणारा किडा तो हाच. त्याला आपण अळी म्हणू. अळी पाण्यातला बारीकसारीक गाळ, शेवाळ खाऊन वाढते. श्वास मात्र पाण्याबाहेरच्या हवेतून घेते. म्हणून ती पुन्हा पुन्हा वर येते. चार-पाच दिवसांनी अळीचा कोष होतो. वाकडा झालेला किडा तो कोष. कोष काही खात नाही. दोन दिवसांनी कोष फुटतो आणि डास बाहेर पडून उडून जातो. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, त्यामुळे हे सारं लवकर उरकतं. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरे होतात.

आता हिशेब बघा. टँकर येतो आठ दिवसांनी. डास होतो सात ते दहा दिवसांनी. दोघांचं वेळापत्रक जवळजवळ एकच. पावसाळ्यात डासाला डबकं शोधावं लागतं. उन्हाळ्यात आपणच त्याच्यासाठी पाणी भरून, सावलीत ठेवून, वर फळी टाकून देतो. ओढा आटला तरी डास का आटत नाहीत, हे आता कळलं ना?

आणखी एक हिशेब. वर्गात मी तो फळ्यावर करून दाखवला होता. एका मादीची शंभर अंडी धरा. त्यातले निम्मे नर, निम्म्या माद्या. म्हणजे पन्नास माद्या. त्या प्रत्येकीची पुन्हा शंभर अंडी. पन्नास गुणिले शंभर, म्हणजे पाच हजार. हे सारं तीन आठवड्यांच्या आत. सगळीच जगतात असं नाही. पण निम्मी मेली तरी उरलेली आपल्या आळीला पुरून उरतात.

नर डास चावत नाही. तो झाडाफुलांचा रस पिऊन राहतो. चावते ती मादी. अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं. म्हणून ती रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते, आणि पुन्हा रक्ताला येते. या येण्याजाण्यातच ती एकाचा आजार दुसऱ्याला देते.

सगळे डास सारखे नसतात. आपल्याला तीन ओळखता आले तरी पुष्कळ.

पहिला हिवतापाचा. तो स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होतो. ओढ्यातल्या उरलेल्या डोहात, पाटाच्या कडेला, विहिरीत, टाकीत. याची अळी पाण्यावर आडवी पडलेली असते, लोंबकळत नाही. डास भिंतीवर बसला की मागचा भाग वर उचलून तिरपा बसतो. दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत चावतो.

दुसरा डेंगीचा. अंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. त्याला माणसाच्या घराची फार आवड. रांजण, पिंप, हौद, कूलर हीच त्याची जागा. मावशींच्या रांजणात तोच होता. तो दिवसा चावतो. विशेष करून सकाळी ऊन वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यावर संध्याकाळपर्यंत. फार लांब उडत नाही. बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे आपल्याला चावलेला डास धरणावरचा नव्हे. तो आपला नाहीतर आपल्या शेजाऱ्याचा. चिकनगुनियाही हाच पसरवतो. त्यात सांधे असे धरतात की माणसाला महिनोन् महिने उठताबसता त्रास होतो.

तिसरा घाणीतला. मोरीचं पाणी, तुंबलेलं गटार, संडासाची टाकी, यांत तो होतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक हाच. हत्तीरोग याच्यामुळे पसरतो. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूला हत्तीपायाचे रोगी पुष्कळ दिसत आले आहेत.

डासामुळे हिवताप होतो हे माणसाला फार उशिरा कळलं. पूर्वी लोक म्हणत, दलदलीच्या वाईट हवेने ताप येतो. रोनाल्ड रॉस नावाचा एक डॉक्टर होता. त्याचा जन्म आपल्या देशातला, अल्मोड्याचा. तो इंग्रजांच्या सैन्यात होता. सिकंदराबादेत तो डास कापून दुर्बिणीखाली बघत बसे. उन्हाळ्यात घाम गाळत, एक नाही दोन नाही, शेकडो डास. 20 ऑगस्ट 1897 या दिवशी त्याला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. 1902 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढे आपल्या सरकारने 1953 साली हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम काढली. माझ्या वडिलांच्या तोंडून मी त्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत. पाठीवर पंप घेतलेली माणसं येत. घराच्या भिंतींवर डीडीटी फवारत. दारावर तारीख लिहून जात. पूर्वी देशात दरसाल कोट्यवधी लोकांना हिवताप येई. 1965 च्या सुमारास तो आकडा लाखाच्या आसपास आला. लोकांना वाटलं, संपला हिवताप. मग ढिलाई झाली. डासही डीडीटीला सरावले. 1976 साली देशात पुन्हा चौसष्ट लाखांवर रोगी झाले. फवाऱ्यावर सगळा भार टाकून आपण हात झटकले की असं होतं. अळ्या होत्या तिथेच होत्या.

आता मावशींच्या रांजणाकडे परत येऊ. कारण खरी अडचण तिथंच आहे.

शुक्रवारी बरणीत डास दिसल्यावर एक पोरगा उत्साहाने म्हणाला, “मावशी, ओतून द्या ते पाणी. आत्ता.”

मावशी उसळल्या. “ओतून द्या? दोन घागरींसाठी मी उन्हात रांगेला उभी राहते. माझा जीव गेला तरी चालंल, पण पाणी ओतणार न्हाई.”

कोणी काही बोलेना. मलाही पटकन बोलता येईना. पुस्तकांत लिहिलेलं असतं, ‘साठवलेलं पाणी ओतून टाका.’ हे लिहिणाऱ्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असावं. बालाघाटाच्या डोंगराकडे, जिथे जनावराला पाणी पाजताना माणूस बादलीतले थेंब मोजतो, तिथे हे वाक्य चालत नाही.

मग आम्ही तिथंच ओट्यावर बसून विचार केला. पाणी थेंबभरही वाया घालवायचं नाही आणि अळीही जगू द्यायची नाही. तेव्हा जे ठरलं ते असं.

टँकर यायच्या आदल्या दिवशी रांजणात थोडंसं पाणी उरलेलं असतं. ते ओतायचं नाही. धोतराच्या दुपदरी फडक्यातून हंड्यात गाळून घ्यायचं. अळ्या फडक्यावर राहतात. ते फडकं कोरड्या, तापलेल्या जमिनीवर झटकायचं. पाण्याबाहेर अळी जगत नाही. गाळलेलं पाणी भांड्यांना, धुण्याला, जनावरांना वापरायचं. काहीच फुकट गेलं नाही.

आता रांजण रिकामा झाला. पण काम संपलं नाही, आणि इथंच पुष्कळांची चूक होते. डेंगीचा डास पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओल्या कडेला तो ती चिकटवतो. काळ्या तिळाहूनही बारीक. ती सुकली तरी मरत नाहीत. महिनोन् महिने तशीच चिकटून राहतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या बाहेर. म्हणून रांजण आतून घासला पाहिजे. राख घ्या आणि नारळाची शेंडी किंवा काथ्या घ्या. अर्धा तांब्या पाणी पुरतं. वरची कड जास्त घासा. मग रांजण आडवा करून दोन तास उन्हात वाळू द्या.

रांजण दोन असतील तर दोन्ही एकदम उपसू नयेत. एक पूर्ण संपवावा, घासावा, मगच दुसऱ्याला हात लावावा. आपण करतो काय, की दोन्हींतून थोडं थोडं घेतो आणि वरून भर घालतो. मग तळाचं पाणी पंधरा-पंधरा दिवस हलत नाही.

पाणी भरल्यावर झाकण. मावशींच्या रांजणावर फळी होती, पण फळी आणि कड यांच्यामध्ये बोटभर फट होती. डासाला तेवढी फट म्हणजे दिंडी दरवाजा. त्यापेक्षा जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं फडकं तोंडावर ताणून सुतळीने बांधावं आणि वर फळी ठेवावी. फडक्याला भोक नको. पाणी घेताना सोडायचं, घेतलं की बांधायचं. कंटाळवाणं काम आहे खरं. मावशींच्या सुनेने युक्ती काढली. पेटीकोटाच्या नाडीसारखं तिने फडक्याच्या कडेला रबर ओवलं. ओढलं की बसतं, ओढलं की निघतं. मला काही ते सुचलं नसतं.

सिमेंटचा मोठा हौद दर आठवड्याला रिकामा करणं होत नाही. तिथे गप्पी मासे सोडावेत. हा बोटाच्या पेराएवढा मासा आहे. अळ्या खाणं हाच त्याचा उद्योग. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, म्हणून लवकर वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं की कुठे मिळतात ते सांगतात. जनावरांची मोठी दगडी डोण, वापरात नसलेली विहीर, बांधकामाची टाकी, यांत ते चालतात. नदीत आणि तळ्यात मात्र सोडू नयेत. तिथल्या आपल्या गावच्या लहान माशांना ते त्रास देतात.

आरोग्य सेवक कधी कधी हौदात ॲबेट नावाचं औषध टाकून जातो. पाण्याला किंचित वास येतो म्हणून बाया ते पाणी फेकून देतात. तसं करू नये. तो मोजून टाकतो. तेवढ्या मापाने माणसाला अपाय होत नाही, अळी मरते. स्वतःच्या मनाने मात्र कुठलंही औषध पाण्यात टाकू नये. पिकावर मारायचं औषध तर पाण्याजवळ नेऊसुद्धा नये.

आता माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

त्या सोमवारी आम्ही चार परसं पाहिली. चौथं माझं. मी निर्धास्त होतो. माझी टाकी झाकलेली, पिंप झाकलेलं. एवढ्यात वर्गातली एक बाई म्हणाली, “गुरुजी, ते वर काय टांगलंय?”

वर आंब्याच्या फांदीला मातीची तीन पसरट भांडी टांगलेली होती. उन्हाळ्यात पाखरांना पाणी मिळावं म्हणून. शाळेत असताना मी दर उन्हाळ्यात मुलांना सांगत असे, पाखरांसाठी पाणी ठेवा. मुलं ठेवत. मीही ठेवत आलो. रोज सकाळी तांब्या घेऊन जायचं आणि भांड्यात भर घालायची. भर घालायची. रिकामं करून घासायचं, असं माझ्या कधी मनातच आलं नाही.

भांडी खाली काढली. तिन्हींत अळ्या.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या नातीला डेंगी झाला होता. पाच वर्षांची पोर. सकाळभर त्याच आंब्याखाली खेळायची. तीन दिवस ताप हटेना. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही आनंदलो, आणि त्याच संध्याकाळी तिचे हातपाय गार पडले. पोटात दुखतं म्हणून रडू लागली. तालुक्याला नेली. पाच दिवस बाटल्या लावल्या. वाचली. तिला त्या भांड्यातलाच डास चावला, असं मी म्हणू शकत नाही. चावला नाही, असंही म्हणू शकत नाही.

पाखरांची भांडी मी काढून टाकली नाहीत. तशी गरजही नाही. रोज सकाळी उरलेलं पाणी आळ्यात ओततो, भांडं राखेने घासतो, आणि मग ताजं पाणी भरतो. जनावरांच्या डोणीला, कोंबड्यांच्या वाटीला, तुळशीखालच्या ताटलीला हाच नियम.

तुमच्या घरी कूलर असेल तर त्याचा तळ बघा. फ्रीज असेल तर त्याच्या मागे खाली एक लहान ताटली असते. तिच्यात पाणी साचतं. ती कोणी बघत नाही. माठाखाली परात ठेवली असेल तर तीही बघा. जुने टायर, फुटके डबे, करवंट्या, उखळाचा खळगा, या उन्हाळ्यात कोरड्या दिसतात. पण कोरड्या दिसतात तेव्हाच त्या हलवायच्या, कारण मृगाच्या पहिल्या सरीला त्या भरतात. त्यांतली अंडी त्या सरीचीच वाट बघत असतात.

मोरीच्या पाण्याचं काय करायचं? ते परसात सोडलं की काळं डबकं होतं. मुरमाड जमीन असेल तर शोषखड्डा करावा. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल. मधोमध खालून-बाजूंनी भोकं पाडलेली सिमेंटची लहान टाकी बसवायची आणि भोवती दगड भरायचे. तळाला मोठे, वर लहान. मोरीचं पाणी नळीने त्या टाकीत. गाळ टाकीत राहतो, पाणी मुरतं. वर झाकण घट्ट हवं. खड्डा विहिरीपासून आणि हातपंपापासून निदान पन्नास फूट लांब घ्यावा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे केले. ते पाहायला लांबलांबची गावं जातात. ग्रामपंचायतीत विचारलं तर रोजगार हमीतून असा खड्डा करता येतो.

पण काळ्या चिकण जमिनीत पाणी मुरत नाही. तिथे खड्डा लवकर तुंबतो. अशा ठिकाणी मोरीचं पाणी केळीला, अळवाला, कर्दळीला वळवावं. चर उताराचा हवा. संध्याकाळी सोडलेलं पाणी सकाळपर्यंत जिरलं पाहिजे. जिरत नसेल तर चर लांब करावा.

धुराबद्दल लोक फार विचारतात. कडुनिंबाचा पाला जाळला की डास जातात. जातात खरे, पण धूर आहे तोवर. आणि जातात ते शेजारी. घरात तान्हं मूल असेल, कोणाला दमा असेल, तर त्या धुराचा त्रास डासाहून मोठा. अगरबत्तीसारख्या जळणाऱ्या कॉइलचंही तेच. माझं मत विचाराल तर तेवढ्या पैशांत मच्छरदाणी घ्यावी. कडा गादीखाली खोचाव्यात. लेकरं दुपारी झोपतात तेव्हाही बांधावी, कारण डेंगीचा डास दिवसाचा. घरात कोणाला ताप असेल तर त्याला तर दिवसाही मच्छरदाणीतच ठेवावं. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला रोग देऊ लागतो.

आता तापाबद्दल. थंडी वाजून ताप आला, घाम येऊन उतरला, एक दिवसाआड पुन्हा आला, तर हिवतापाची शंका धरावी. पण सगळे हिवताप असे शहाण्यासारखे वागत नाहीत. म्हणून उन्हाळ्या-पावसाळ्यात कुठलाही ताप आला की आधी रक्त तपासावं. सरकारी दवाखान्यात ते फुकट होतं. हिवताप निघाला तर गोळ्या देतात. काही प्रकारात त्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या फडताळात ठेवू नयेत. ताप महिन्याने परत येतो.

डेंगीत एकदम जोराचा ताप येतो. डोळ्यांच्या मागे दुखतं, अंग मोडून निघतं. यावर तापासाठी पॅरासिटामॉल तेवढी चालते, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने. ॲस्पिरिन, ब्रुफेन किंवा दुकानदाराने दिलेली दुखण्याची गोळी घेऊ नये. त्यांनी रक्तस्राव वाढतो. पाणी, पेज, ताक भरपूर द्यावं. आणि हे नीट वाचा: ताप उतरतो तेव्हाच धोका असतो. पोटात सारखं दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, गुंगी येणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. पपईच्या पानांचा रस करत बसू नये. आमच्या घरी तो करायला घेतला होता. बरं झालं, पाटा लवकर सापडला नाही.

आमच्या आळीत आता शुक्रवार हा कोरडा दिवस ठरला आहे. टँकर शनिवारी येतो. शुक्रवारी दुपारी घरोघर रांजण उपडे होतात. सुरुवातीला वीस घरांतली सहा घरं आली. बाकीचे म्हणाले, आम्ही केलं तरी शेजाऱ्याचे डास येणारच. ते खरंही होतं. मावशींनी मग दारोदार ती लोणच्याची बरणी फिरवली. बोलल्या काही नाहीत. नुसती बरणी दाखवायची आणि म्हणायचं, “तुमचा रांजण उघडा बघू.” आता सतरा घरं आहेत. उरलेल्या तीन घरांत मावशी अजून जातात.

मावशींनी आपल्या रांजणावर खडूने एक शब्द लिहिला आहे: ‘शुक्रवार’. ‘क्र’ जरा तिरपा आला आहे. पावसाने पुसला तर पुन्हा लिहीन म्हणतात.

आजच्या पाठाचं काम असं. आपल्या परसात जा. पाणी राहील अशी भांडी आणि जागा मोजा. रांजण किती, पिंपं किती, डोणी किती, टायर किती, ते पाटीवर लिहा. प्रत्येकात डोकावून बघा. अळी दिसली तर समोर फुली करा. दिसली नाही तर तारीख लिहा, आणि आठ दिवसांनी त्याच पाटीवर पुन्हा बघा.